पोरं मोजायची नसतात

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाईंनी एवढ्या वर्षांनी उगाच आगपाखड केली. आमच्या घरात राग सगळ्यांनाच यायचा. आबा फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले, ते एकदा ओरडायचे आणि मोकळे व्हायचे. आई दोन-दोन दिवस धुमसायची. माझ्यात दोन्ही आलं. पण ज्या गोष्टीबद्दल सांगतेय, तिच्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

सत्तरच्या दशकाच्या मधली वर्षं. मोठा दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली होती. मी मॅट्रिक झाले, बालवाडीचं ट्रेनिंग घेतलं आणि बालसेविका म्हणून लागले. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कराडच्या खाली, कृष्णेच्या काठावर. नजर जाईल तिथं ऊस. आणि नेमणूक मिळाली सांगली जिल्ह्याच्या पार पूर्वेला. कवठे महांकाळच्या स्टँडवर उतरायचं, तिथून दुसरी एसटी धरायची, आणि फाट्यावरून तासभर पायी. गावाचं आणि तालुक्याचं नाव सांगत नाही. त्यातली काही माणसं अजून आहेत. मला भांडायची हौस आहे, कोर्टाची नाही.

बालवाडी कुणासाठी, हे ट्रेनिंगमध्ये आम्हाला घोकून घेतलं होतं. ज्या घरातलं कुणी कधी शाळेची पायरी चढलं नाही, त्या घरातली तीन ते सहा वर्षांची पोरं. त्यांना आधीपासून चार पोरांत बसायची सवय लागावी, हातात पाटी यावी, पोटात मूठभर सुकडी जावी, म्हणजे पहिलीत गेल्यावर ती मागं पडणार नाहीत आणि गळणार नाहीत. यासाठी सरकार खर्च करणार होतं. मला हे मनापासून पटलं होतं. वीस वर्षांची होते, आणि त्या वयात सरकारी कागदावर माझा देवासारखा विश्वास होता.

गावापासून दोन मैलांवर माळाला धनगरांची वस्ती होती. बालवाडी खरं तर त्यांच्याच नावानं आली होती. फक्त नियम असा, की वस्तीत त्या वयाची पंचवीस पोरं भरली पाहिजेत. भरली तर बालवाडी वस्तीवर. नाही भरली तर गावात. म्हणून आधी मोजणी करायची होती.

मोजणी करायची ती वस्तीवर जाऊन. पण ग्रामसेवकांना दोन मैल चालायचं जिवावर आलं. त्यांनी तराळाकरवी निरोप धाडला आणि वस्तीवरच्या बायांनाच चावडीत बोलावलं. बाया आल्या. डोक्यावर पदर, कडेला एखादं पोर, आणि चावडीत पुरुष बसलेले बघून सगळ्या भिंतीला चिकटून उभ्या. मी सतरंजीवर वही घेऊन बसले होते. ग्रामसेवक विचारायचे, मी लिहायची.

"पोरं किती?"

"हायत की द्येवाच्या दयेनं."

"अवो, हायत, पर किती?"

"धरा एक."

पुढची आली. "एक धरा." तिच्या पुढची म्हणाली, "हाय एक, रांगतंय." शेवटी बेरीज झाली अकरा. ग्रामसेवक हसत म्हणाले, "बघा बाई, कुटुंबनियोजन आमच्या आधी धनगरांनी केलं." मीही हसले. वळणदार अक्षरात आकडा लिहिला आणि खाली सही ठोकली. मला एकदाही वाटलं नाही की उठावं आणि दोन मैल चालून बघून यावं. आजसुद्धा ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

झालं. बालवाडी गावात आली. सरपंचांच्या भाच्याची एक खोली होती, तिथं. पोरं कुठली, तर सरपंचांची नात, दुकानदाराची दोन, प्राथमिक शाळेच्या गुरुजींचा धाकटा, पाटलांच्या घरची चार. ती पोरं डबीत लाडू घेऊन यायची. गुरुजींच्या पोराला दहापर्यंतचे पाढे यायचे. त्याला मी काय शिकवणार, कपाळ? सुकडी त्यांना नको असायची. गूळ कमी म्हणून थुंकायची. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय म्हणतात ना, ते मी रोज सकाळी अकरा वाजता डोळ्यांनी बघत होते.

श्रावणात एकदा सुट्टी होती म्हणून वस्तीकडं गेले. मनात काही नव्हतं, फक्त बघून येऊ म्हटलं. वस्तीच्या अलीकडं ओढा आहे, तिथंच मला दहा-बारा पोरं भेटली. पुढं कुडाच्या झोपड्यांपाशी आणखी. "एक धरा" म्हणणारी बाई जात्यावर बसली होती, आणि तिच्या पाठीवर एक, मांडीला एक, समोर दोन. माझं डोकंच फिरलं. मी तिथंच सुरू केलं, "खोटं कशाला सांगितलंत? तुमच्या पोरांसाठी सरकार शाळा द्यायला निघालं होतं आणि तुम्ही चार पोरांचं एक पोर करून सांगता? ती शाळा गेली आता पाटलाच्या घरी!"

बाईनं जातं थांबवलं. बाजूच्या कुडातून एक म्हातारी बाहेर आली. काटक, काळी, हातात लोकर पिंजायची धनुकली. तिच्यामागं पाच वर्षांची एक पोरगी. ती तिची नात. पोरीची आई बाळंतपणात गेली होती, बाप मेंढरांमागं असायचा, त्यामुळं पोरगी आजीच्या पदराखालीच वाढलेली.

म्हातारी शांतपणानं म्हणाली, "बाई, खाली बसा आदी. पानी प्या. मग शिव्या द्या."

मी बसले. पाणी प्याले.

"तुमी किती म्हनून इचारलंसा," ती म्हणाली. "आमी मेंढरं मोजत न्हाई. कवाच न्हाई. मोजलं की घटतं. मग पोरं कशी मोजावी? दुष्काळात छावणीवर मेंढरं मोजाय लावली सायबानं. आमी म्हनलं, नगा मोजू. त्यानं मोजली. वहीत लिवली. त्या सालाला निम्मा कळप मेला, आन ह्या कुडातली दोन लेकरं गेली. आता सांगा, कुनी आई आकडा सांगंल व्हय तुमास्नी?"

मी म्हटलं, आजी, ती दुष्काळानं गेली, आकड्यानं नाही. म्हातारी म्हणाली, "आसंल. तुमी शिकलेल्या. पर ज्याचं जळतं त्याला कळतं."

मग मी विचारलं, की तुम्ही मोजत नाही, तर संध्याकाळी मेंढरू हरवलंय हे कळतं कसं? यावर ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "आगं, त्वांड बगून! तुजी आय तुमा भावंडांस्नी जेवाय बसवताना मोजती का? ह्यो न्हाई आला, कुटं गेला, आसंच म्हनती ना?"

माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मी वही काढली आणि म्हटलं, आजी, आकडा सांगू नका. बालवाडीच्या वयाच्या पोरांची नावं सांगा. कुणाचं कोण, तेवढंच. नावाला तर हरकत नाही ना? म्हातारीनं विचार केला आणि म्हणाली, नाव देवानंच दिलेलं असतं, त्याला काय? आणि ती एकेक कूड घेत सांगत गेली. मध्ये बाया जमल्या, एकमेकींच्या विसरलेल्या पोरांची आठवण करून द्यायला लागल्या, हसाय-खिदळाय लागल्या. मी नुसती लिहीत होते. एकाही नावापुढं आकडा टाकला नाही, म्हातारीची नजर वहीवरच होती.

गावात परत येऊन दार लावून मोजली. चौतीस.

चौतीस पोरं, आणि माझ्या सहीचे अकरा! तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्याच आठवड्यात तालुक्याच्या ऑफिसात गेले. साहेब तसे सभ्य होते. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मी नावांची यादी पुढं ठेवली. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "बाई, ही नावं आहेत. मला आकडा लागतो. आणि आकडा तर तुमच्याच सहीनं गेलाय."

मी म्हटलं, चुकला तो आकडा, माझी चूक झाली, मी लिहून देते.

"तसं लिहून चालत नाही. प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल. मी स्वतः येईन."

"कधी याल? दिवाळीच्या आत या साहेब. दिवाळी झाली की ती माणसं मेंढरं घेऊन नदीकाठाला जातात, वैशाखापर्यंत परत येत नाहीत."

"येतो, येतो," साहेब म्हणाले. डायरीत काहीतरी टिपलंसुद्धा. मला तेव्हा बरं वाटलं. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण मला पाठ होती, पण ती आपल्याला लागू होईल असं वाटलं नव्हतं.

भाद्रपद गेला, आश्विन गेला. दोन पत्रं टाकली. एकदा परत जाऊन आले, तेव्हा साहेब दौऱ्यावर होते. मी दर रविवारी वस्तीवर जायची. पोरांना गोळा करून झाडाखाली गोष्ट सांगायची, मण्यांची माळ करायला लावायची. म्हातारीची नात सगळ्यात पुढं. ती पोरगी बोलायची कमी, पण एकदा सांगितलेली गोष्ट पुढच्या रविवारी सगळी परत सांगायची, माझं काही चुकलं तर मला थांबवायची. मी ज्या पोराचं पाढे येतात म्हणून कौतुक ऐकत होते, त्याच्यापेक्षा ही कितीतरी हुशार. पण तिची अडचण मला म्हातारीनं एका रविवारी रोखठोक सांगितली.

"बाई, नदीकाठाला गेलं की मेंढरं व्यात्यात. औंदा कोकरं लय व्हनार. कोकरांमागं एक मानूस लागतं. ही आता पाच वर्साची झाली, मोकळी ठेवून चालत न्हाई. तुमची शाळा हिला घेत आसंल तर घिऊ द्या, मी म्हातारी हिंडंन कोकरांमागं. न्हाईतर ह्या साली कोकरं हिच्याकडं. आन एकदा का कोकरं हातात आली, की मग कसली शाळा आन कसलं काय."

म्हणजे काय ते मला स्वच्छ समजलं. त्या एका हंगामाचा प्रश्न होता. पोरगी एकदा कुठल्याही बालवाडीत बसली असती, तर म्हातारी शब्दाची पक्की होती, तिनं तिला पहिलीत घातलंच असतं. नाही बसली, तर संपलं.

मग मी एक उद्योग केला. साहेबांवर भरवसा उरला नव्हता. वाडा, म्हणजे मेंढरांसकट त्यांचं सगळं बिऱ्हाड, इस्लामपूरच्या बाजूनं पुढं कराडकडं सरकतो, आणि ऊस तुटून रान मोकळं झालं की तिथले शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमच्या रानातही बसायची. मी आबांना पत्र लिहिलं, की यंदा अमक्या वाड्याची मेंढरं आपल्या रानात बसवा. आमच्या गावात बालवाडी होती. गावातल्या महिला मंडळाची, आणि मंडळाची अध्यक्ष कोण, तर माझी सख्खी काकू. मनात म्हटलं, इथं जमत नाही तर तिथं बसवते हिला. घरचीच बालवाडी आहे, कोण अडवतंय?

म्हातारीला सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं रान आसंल तर येतो की. पर पोरगीचं बगा हां."

दिवाळी झाली. घोड्यांवर बिऱ्हाडं लादून वस्ती गेली. आणि साहेब आले, कधी, तर संक्रांतीच्या चार दिवस आधी. वरातीमागून घोडं! जीप वस्तीच्या तोंडाशी उभी राहिली. कुडांची दारं बाहेरून काट्यांनी बंद केलेली. एक आंधळा म्हातारा उन्हाला बसलेला आणि दोन कोंबड्या. साहेबांनी खाली उतरून इकडंतिकडं बघितलं.

मी म्हटलं, "साहेब, मी तुम्हाला दिवाळीच्या आत या म्हणाले होते. दोनदा लिहिलं होतं."

"बाई, मी नियमानं आलो. मुलं कुठायत?"

"मेंढरांमागं! जिथं दरवर्षी असतात तिथं!"

त्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि लिहिलं, वस्तीवर मुले आढळली नाहीत. आणि कागद माझ्याकडं सरकवला. खाली बालसेविकेची सही लागते. मी पेन हातात घेऊन किती वेळ उभी होते, माहीत नाही. साहेब म्हणाले, "बघा बाई, आत्ता इथं मुलं आहेत का? नाहीत. मग लिहिलंय ते खोटं आहे का?" आणि मी सही केली. नोकरी नवी होती, घरच्यांनी किती हट्टानं पाठवलं होतं, हे सगळं खरं असलं तरी सही केली ती केली. अकरावर माझी सही आणि शून्यावरही माझीच. कुणी उंटावरून शेळ्या हाकत असेल तर त्या उंटाची दोरी धरायला मी होते.

त्याच रात्री गावी पत्र टाकलं, आठ दिवसांची रजा काढली, आणि संक्रांत झाल्यावर घरी गेले.

आमच्या नदीकडच्या रानात वाडा बसला होता. वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, ती लावलेली, चूल पेटलेली, कोकरांचा कालवा चाललेला. म्हातारीनं मला बघितलं आणि पोरीला हाक मारली, "ए, तुजी बाई आली बग!" पोरगी धावत आली आणि माझ्या पदराला हात पुसले. मी तिथूनच काकूकडं गेले.

माझी काकू वाईट नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचंय. गावात कुणाचं बाळंतपण अडलं तर पहिली ती धावायची. मी सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "आगं, मग बसव की उद्यापास्नं. पोर काय, कोपऱ्यात बसल." मला एवढा आनंद झाला की मी काकूच्या पाया पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पोरीला न्हाऊ घातलं, माझ्या भाचीचा झगा दिला. मी तिला बालवाडीत नेऊन बसवलं. तिथली सेविका माझ्याच वयाची, तिनं पाटी दिली. पोरगी अशी काही बसली, जशी वर्षभर येतेय. मी निघाले तर वळूनही बघितलं नाही. 

घरी परतताना रानाकडून गेले. बघते तर एक सरकारी माणूस सायकल आडवी टाकून मेंढरांना सुया टोचतोय. जनावरांच्या दवाखान्यातला. नदीकाठाला मेंढरांचा कसलासा रोग आला होता, म्हणून आसपासच्या सगळ्या वाड्यांवर फिरत होता. मी त्याला विचारलं, "काय हो, ही मेंढरं सांगली जिल्ह्यातली आहेत. तुम्ही तर साताऱ्याचे. चालतं का?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "ताई, मेंढरू हितं हाय, रोग हितं हाय, मग सुई हितंच मारायची की. जिल्हा बघत बसलो तर मेंढरं मरतील ना." आणि पुढचं मेंढरू धरलं.

मला पहिल्यांदा हसू आलं. मग चालता चालता संताप आला. मेंढराला लस द्यायला सरकार सायकलवर बसून चिखलातून रानापर्यंत येतं, यादी विचारत नाही, जिल्हा विचारत नाही. आणि त्याच मेंढरामागं चालणाऱ्या पोरीला? पण म्हटलं, जाऊ दे. निदान आज ती बसलीय.

अकराच्या सुमाराला बालवाडीत गेले. पोरं ओळीनं मांडी घालून बसलेली. काकू स्वतः पातेलं घेऊन सुकडी वाढत होती, वाटीनं मोजून. पोरगी ओळीच्या शेवटी. तिनं बाकीच्यांचं बघून दोन्ही हातांची ओंजळ पुढं केलेली होती. काकूनं तिच्या आधीच्या पोराला वाढलं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

पोरीची ओंजळ तशीच. तिला वाटलं, येईल. काकू पातेलं घेऊन आत गेली तरी तिला वाटत होतं की येईल.

मी काकूच्या मागोमाग आत गेले. "काकू, तिला दिलं नाहीस."

"तिचं नाव कुटं हाय पटावर?" काकू म्हणाली. "चोवीस पोरांची सुकडी येती, चोवीस वाट्या जात्यात. तपासणी आली तर मी काय सांगू? तू म्हनलीस बसव, मी बसवलं. बसायला माजी ना न्हाई."

"मग नाव घाल पटावर!"

"कसं घालू? ती सांगली जिल्ह्याची. तिकडं आसंल की नाव."

"तिकडं नाही! तिकडं लिहिलंय की ही पोरच नाही!"

"ते तिकडच्यांनी बगावं," काकू म्हणाली. "आन आज हिला घातली तर उद्या वाड्यावरची सगळी येत्याल. मग?"

"मग येऊ देत! त्यांच्यासाठीच आलीय ती! आपल्या पोरांसाठी नाही आली, काकू. आपल्या पोरांच्या घरात दुभती म्हैस आहे!" माझा आवाज चढला होता.  आणि मी दारातून बघितलं, तर माझा सख्खा भाचा, सुभेदाराचा नातू, आपली सुकडी ओसरीखाली कुत्र्याला घालत होता. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडायला लागला. त्यात त्याची काय चूक होती? चार वर्षांचं पोर. धपाटा ज्यांना घालायचा होता, त्यांच्यापर्यंत माझा हात पोचत नव्हता.

ओळीच्या शेवटी बघितलं तर जागा रिकामी. पाटी नीट भिंतीला टेकवून ठेवलेली.

घरी धावले. आईनं केलेले चार लाडू पदरात घेतले आणि रानात गेले. म्हातारी चुलीपाशी होती, पोरगी तिला टेकून भाकरी खात होती. झगा काढून, घडी करून बाजूला ठेवलेला. मी म्हटलं, आजी, चूक झाली, मी सगळं नीट करते, उद्यापासून तिचा घास मी घरून देते. माझी रजा संपली की आई देईल.

म्हातारी चिडली नव्हती. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"बाई," ती म्हणाली, "भाकरीला आमी म्हाग न्हाई. पोर उपाशी न्हवती. पर चार जनांच्या पंगतीत बसवून एकाला वाढायचं न्हाई, ह्ये आमी जनावराला करत न्हाई. दुसऱ्या वाड्याचं कोकरू चुकून आमच्या कळपात आलं, तर आदी त्याला पाजतो. मग इचारतो, कुनाचं हाय."

मी लाडू खाली ठेवले. म्हटलं, आजी, तुमचं सगळं खरं. पण एवढ्यासाठी तिची शाळा मोडू नका. माझ्याकडं बघून तरी मोडू नका.

"तुमच्याकडं बगूनच आनली हुती न्हवं हितवर," ती म्हणाली. "तुमी लय चांगल्या हायसा. पर तुमच्या हातात काय बी न्हाई."

हे तिनं मला दुखवायला म्हटलं नव्हतं. होतं ते सांगितलं. मी घरी येऊन आबांवर ओरडले, आईवर ओरडले, जेवले नाही. आबा म्हणाले, "मग आता काय बंदूक घेऊ?" काकूशी त्यानंतर दोन वर्षं बोलले नाही. तिला शेवटपर्यंत समजलं नाही की तिचं काय चुकलं. तिनं एक वाटीसुद्धा इकडची तिकडं केली नव्हती. महिला मंडळाचा पट तपासणीत नेहमी बरोबर निघायचा, साहेब लोक तिचं कौतुक करायचे.

सकाळी परत रानात गेले. म्हातारीला आणखी एकदा विनवायचं, असं ठरवून गेले होते. रात्रभर वाक्यं जुळवली होती. पण बांधावर पोचले आणि बघितलं, तर पोरगी नदीच्या उतारावर होती. अंगावर घोंगडीचा तुकडा, हातात तिच्या उंचीची काठी, पुढं कोकरं. एक कोकरू वाट सोडून पळालं, तर तिनं वळसा घालून त्याला बरोबर परत आणलं. आदल्या दिवशी हातात पाटी धरली होती तेवढ्याच सराईतपणानं.

तिनं मला बघितलं आणि काठी वर करून ओरडली, "बाई! ही समदी माजी! आजीनं मला दिली!"

हसत होती. इतकी खूश मी तिला बालवाडीच्या ओळीतसुद्धा बघितली नव्हती. मी हात हलवला, आणि तिला काही न सांगता तशीच माघारी फिरले.